फुफ्फुसात ‘ऑक्सिजनचं पाणी’ भरायचा मेसेज पुढं पाठवू नका

“व्हेंटिलेटर विसरा. फुफ्फुसात ऑक्सिजनचं पाणी भरलं की पेशंट उठून बसतो. अमेरिकेत सगळीकडं हेच करतात, आपल्याकडं बिलासाठी लपवतात. घरी करायचं तर सलाईनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून नेब्युलायझरनं ओढा.” परभणी-नांदेडकडं फिरणारा हा मेसेज आयसीयूबाहेर बसलेल्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. काकांना एआरडीएस आहे, म्हणजे फुफ्फुसाला जबर सूज येऊन वायुकोशांत पाणी उतरलंय. “त्यांना देता येईल का?” असं तिनं विचारलं.

आधी शेवटची ओळ घेतो, कारण तिनं जीव जाऊ शकतो. मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड वरून लावायचं असतं, आत ओढायचं नसतं. ५ मिली पूर्ण फुटलं तरी त्यातून साधारण ५० मिली ऑक्सिजन निघतो. नुसत्या पडून असलेल्या मोठ्या माणसालाही मिनिटाला सुमारे २५० मिली लागतो. म्हणजे सगळा खटाटोप १२ सेकंदांच्या ऑक्सिजनसाठी! त्या बदल्यात श्वासनलिकेचं अस्तर भाजतं, नळ्या आवळतात, सुजलेल्या फुफ्फुसाची सूज आणखी वाढते. कुणी ओढलंच असेल तर लगेच बंद करा, आणि दम लागत असेल तर १०८ ला फोन करा.

मग नुसतं सलाईन भरलं तर? शुद्ध ऑक्सिजन मुरवला तरी १०० मिली सलाईनमध्ये अडीच मिलीच्या आसपासच मावतो. म्हणजे ते २५० मिली मिळवायला मिनिटाला दहा लिटर सलाईन आत-बाहेर करावं लागेल. शिवाय सलाईननं वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट धुऊन जातो. प्रयोगशाळेत प्राण्याला मुद्दाम एआरडीएससारखी इजा करायची असेल तर फुफ्फुसं सलाईननं वारंवार धुतात. आजार तयार करायची रीत मेसेजवाल्यांनी उपाय म्हणून वाटली आहे.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. १९६६ मध्ये क्लार्क आणि गोलन या संशोधकांनी ऑक्सिजन मुरवलेल्या फ्लोरोकार्बन द्रवात उंदीर बुडवले आणि ते श्वास घेत जगले. पण ते पाणी नव्हतं. पुढं माणसांत वापरलेल्या परफ्लुब्रॉन या तशाच द्रवाच्या १०० मिलीत ५० मिलीच्या आसपास ऑक्सिजन मावतो.

पण त्यातही व्हेंटिलेटर सुटत नव्हता. पेशंटला गुंगीत ठेवून, श्वासनळीतली ट्यूब आणि व्हेंटिलेटर चालू असतानाच ट्यूबच्या बाजूच्या छिद्रातून द्रव हळूहळू सोडायचे. किलोमागं १० मिली धरले तर ६० किलोच्या माणसाला ६०० मिली, आणि हा द्रव पाण्याच्या जवळपास दुप्पट जड. तो उडून जातो, म्हणून पुन्हा भरावा लागतो. कफ त्याच्यावर तरंगून ट्यूब तुंबवतो. एक्स-रेत फुफ्फुस पांढरंफट्ट दिसतं, आत काय बिघडलंय ते कळणं अवघड.

या द्रवाची मोठ्यांवरची मुख्य चाचणी २००६ मध्ये छापून आली, ३११ पेशंटची. २८ दिवसांत नेहमीच्या व्हेंटिलेटरवर १५ टक्के दगावले, कमी द्रवाच्या गटात २६.३ आणि जास्त द्रवाच्या गटात १९.१ टक्के. मृत्यूंतला फरक योगायोगाचा असू शकतो, हे मान्य. पण व्हेंटिलेटरविना मिळालेले दिवस १३ वरून ७.४ आणि ९.९ वर आले, आणि फुफ्फुस फुटून छातीत हवा भरणं, ऑक्सिजन घसरणं, बीपी पडणं हे द्रवाच्या गटांत जास्त झालं. ‘अमेरिकेत सगळीकडं’ हे धादांत खोटं. लपवण्याचं म्हणाल, तर ही चाचणी औषधाच्या कंपनीच्याच पैशावर झाली आणि निकाल उघड छापला गेला.



मावशी, डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. पहिली, एका श्वासाची हवा उंचीवरून ठरवली आहे का? उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागं ६ मिली. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला सुमारे ३७० मिली, मग तो कितीही जाड असो. दुसरी, ऑक्सिजन फारच घसरलेला असेल तर पालथं झोपवता येईल का, आणि तेही सलग १६ तास? २०१३ च्या चाचणीत एवढ्यानं गंभीर पेशंटमधले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले.