बॉयलरची राख म्हणजे फुकटचं सिमेंट नव्हे

बांधकामवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा दावा साधारण असा आहे: साखर कारखान्याची किंवा राइस मिलची राख फुकट मिळते, सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीटमध्ये (व्हायब्रेटरशिवाय स्वतःच्या वजनाने वाहून साचा भरणाऱ्या) ३० टक्के सिमेंट काढून ती घाला, काँक्रीट आणखी छान वाहतं, ताकद वाढते, आयएस कोडची मान्यता आहे आणि पैसे वाचतात. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या राखेबद्दल थोडंफार खरं आहे. गोची अशी की ती राख एकच नाही.

‘शेतीची राख, सगळी सिलिकाच.’ तुसाच्या राखेत सिलिका ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते, हे बरोबर. १ टन भातातून साधारण २०० किलो तूस निघतं आणि ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख उरते. पण सिमेंटच्या चुन्याशी संयोग होतो तो अस्फटिक सिलिकाचा. तूस ७०० अंश सेल्सिअसच्या खाली, ताबा ठेवून जाळलं तर सिलिका तशी राहते. त्याहून जास्त तापमानात बराच वेळ राहिली की तिचे स्फटिक बनू लागतात. मग ती काँक्रीटमध्ये नुसती बारीक माती. शिवाय स्फटिक सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक, त्यामुळे चाळणाऱ्याला साध्या रुमालाऐवजी धुळीचा मास्क द्यावा लागतो. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, राखेत आणखी एक घोळ आहे. उसाबरोबर शेतातली माती-वाळू येते आणि तिचा क्वार्ट्झ (स्फटिक सिलिका) राखेच्या रासायनिक तपासणीत ‘सिलिका’ म्हणूनच मोजला जातो. टक्का पाहून खूश होण्याआधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी तपासणी) करून घ्या: आलेखात रुंद, पसरट फुगवटा दिसला तर आशा आहे, टोकदार सुळके दिसले तर नाही. बॉयलरमध्ये बगॅससोबत कोळसा जळत असेल तर आजची राख आणि महिन्यानंतरची राख हे दोन वेगळे माल समजा.

‘राखेमुळे काँक्रीट जास्त वाहतं.’ हा गुण फ्लाय अॅशचा, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या बारीक राखेचा. तिचे कण गोल, छऱ्यांसारखे असतात. तुसाच्या राखेचे कण खडबडीत आणि स्पंजासारखे सच्छिद्र; ते पाणी पितात. न जळलेला कार्बन तर पाण्यासोबत पीसीई प्लास्टिसायझरही (कमी पाण्यात काँक्रीट वाहतं ठेवणारं रसायन) शोषतो. व्हायब्रेटरने धकणाऱ्या साध्या काँक्रीटमध्ये हे खपून जाईल, पण सेल्फ-कॉम्पॅक्टिंगचा सगळा डोलारा पीसीईवरच उभा असतो. मिक्सरमधून निघताना स्लम्प फ्लो (शंकूतून सोडलेलं काँक्रीट किती रुंद पसरतं ते) ७०० मिमी आणि अर्ध्या तासात ५५० च्या खाली, असं झालं तर आधी कार्बनवर संशय घ्या. मग साइटवर नेहमीचा उपाय होतो: पाइप लावून पाणी वाढवलं जातं. घनमीटरला ५०० किलो पावडर (सिमेंट आणि राख मिळून) आणि १८० लिटर पाणी, म्हणजे पाणी-पावडर गुणोत्तर ०.३६. त्यात १८ लिटर वाढले की ते जवळपास ०.४० होतं, खडी खाली बसते, वर नुसती पेस्ट तरंगते आणि दाट सळयांमागे पोकळ्या राहतात. व्हायब्रेटर तर आणलेलाच नसतो.

उपाय आहे, पण तो घाईचा नाही. राख १०५ अंशांवर वाळवा आणि भट्टीत तापवून वजनातली घट मोजा; ती मुख्यतः न जळलेल्या कार्बनची. फ्लाय अॅशसाठी आयएस ३८१२ मध्ये ५ टक्के ही मर्यादा आहे, तीच इथेही धरा. नंतर बॉल मिलमध्ये दळा. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर फार उरता कामा नये. दळल्याने कणांमधली छिद्रं मोडतात आणि पाण्याची भूक कमी होते. वजनाने बदली करताना आकारमान विसरू नका: ५० किलो सिमेंट साधारण १६ लिटर जागा घेतं, ५० किलो तुसाची राख जवळपास २४. हे ८ लिटर वाळूतून कमी करा. चाचणी घाणीत आधी ५ टक्के, मग १०. पीसीई ०.१ टक्क्याच्या पायऱ्यांनी वाढवा, पाणी जिथल्या तिथे. स्लम्प फ्लो लगेच, ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी मोजा, आणि एल-बॉक्सचं गुणोत्तर (सळयांमधून वाहून गेलेल्या काँक्रीटची शेवटची उंची भागिले सुरुवातीची) ०.८ च्या खाली आलं तर मिश्रण नापास.

‘ताकद वाढते.’ नीट जाळलेल्या, दळलेल्या तुसाच्या राखेने १०–१५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते, हे मान्य. पण ते आकडे ओपीसीवरचे, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटवरचे. बाजारातलं पोतं बहुधा पीपीसी असतं, ज्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश आधीच आहे. वरून ३० टक्के राख घातलीत तर अर्ध्यापेक्षा जास्त सिमेंट गायब होऊ शकतं, आणि राखेला लागणारा चुना येतो तो सिमेंटमधूनच.

‘आयएस कोडची मान्यता आहे.’ आयएस ४५६:२००० मध्ये तुसाच्या राखेचं नाव आहे खरं, पण संबंधित अधिकाऱ्याच्या संमतीच्या अटीवर. तिथेच टीप आहे की प्रत्येक ठिकाणची राख तपासा, कारण काही राख काँक्रीटमध्ये गाळाइतकी घातक ठरू शकते. ही टीप फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाही. बगॅसच्या राखेचं नाव त्या यादीत नाही. पेंढ्याच्या राखेत तर पोटॅशियम आणि क्लोराइड असतं. सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त चालत नाही.

‘पैसे वाचतात.’ १० टक्क्यांना घनमीटरमागे एक पोतं वाचतं. त्यासमोर वाहतूक, वाळवणं, दळणं आणि दर खेपेची तपासणी मांडा. पीसीई ०.८ वरून १.२ टक्क्यांवर गेलं तर ते २ किलो जास्त लागलं. आपल्याकडच्या दराने गुणून पाहा. गोंदिया-भंडाऱ्यात मिलशेजारी ब्लॉकचा कारखाना असेल तर हिशेब जमू शकतो. घराच्या एका स्लॅबसाठी जमणार नाही.

तरीही वापरायचीच असेल तर टेकू काढण्याचं वेळापत्रक बदला. कोडमधले स्लॅबच्या टेकूंचे ७ आणि १४ दिवस ओपीसी धरून दिलेले आहेत. क्युअरिंग १४ दिवस, आणि सेंट्रिंग क्यूबच्या (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) ताकद-चाचणीचा निकाल हातात आल्यावरच खोला.