वस्ताद हाताबाहेर जाण्यापूर्वी

गावच्या तालमीत वस्ताद पोरींना कुस्तीतला पट काढायला शिकवतोय, असं कानावर आलं की आधी पारावर जा. थेट वस्तादाकडे नको. तो बोलण्याआधी शंभर बैठका मारायला लावेल.

सुरुवात मातीपासून करा. हौद्यातल्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, काव मुरलेलं असतं. त्यात खरचटलेलंही चिघळत नाही म्हणतात. एवढी जालीम माती पोरीचा पाय लागताच बाटते, हे ठणकावून सांगा. वर मारुतीच्या ब्रह्मचर्याचा हवाला द्या. (अंजनीमातेचा विषय निघाला तर तंबाखू मळायला घ्या.)

एवढ्यानं भागलं नाही तर काळजी करा. ‘कुस्तीत कान चुरगळलेल्या पोरीला स्थळ कुठून आणणार?’ हरियाणातल्या बलाली गावात महावीर फोगटांनी लेकींचे केस कापून त्यांना पोरांशी लढवलं, तेव्हा गावकऱ्यांनी हाच डाव टाकला होता. गडी हटला नाही. 2010 मध्ये थोरली गीता दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटाचं सुवर्ण घेऊन आली. असो, गावानं प्रयत्न केले होते.

स्वतःच्या पोराला मात्र तिच्याशी लढू देऊ नका. इथं छोटे गामा पहिलवानांचा आदर्श ठेवा. 1954 मध्ये बडोद्यात महिला पहिलवान हमीदा बानूंशी त्यांची कुस्ती ठरली होती. ऐन वेळी ‘बाईशी लढत नाही’ म्हणून ते बाजूला झाले. अब्रूही शाबूत, पाठही स्वच्छ. मग बाबा पहिलवान उतरले आणि 1 मिनिट 34 सेकंदांत आटोपले.

काहीजण बारशालाच बंदोबस्त करतात. आपल्याकडे नकुशा, तर हिसारकडच्या एका घरात चौथ्या मुलीचं नाव ठेवलं अंतिम. ही अंतिम पंघाल 2022 मध्ये 20 वर्षांखालील जगज्जेती झाली, तेव्हा हा उपाय आपल्या जबाबदारीवर करावा.

त्यापेक्षा दम धरा. महाराष्ट्र केसरी 1961 पासून आहे. महिलांची पहिली 2023 मध्ये सांगलीत झाली. मधली बासष्ट वर्षं कुणी आपल्या वाडवडिलांची झोपमोड केली का?

आणि एवढं करूनही पोरगी पदक घेऊन आलीच, तर वेशीवरच्या फ्लेक्सचं काम तुम्हीच अंगावर घ्या. वस्तादाचा फोटो सापडला नाही म्हणा. तुमचा मधोमध, गॉगलसकट. तिचा खाली कोपऱ्यात चालेल, फक्त छापण्याआधी फ्लेक्सवाल्याकडून तिचे कान तेवढे सरळ करून घ्या.