महागाईने हिटलर आणला?

जर्मनीतल्या महागाईवरचा लेख आवडला, पण ‘१९२३ च्या महागाईने हिटलर सत्तेवर आला’ हे वाक्य खटकलं. मधली दहा वर्षं कुठे गेली?

नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरंच. पण त्याच महिन्यात रेंटेनमार्क हा नवा मार्क आला आणि चलन सावरलं. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मतं होती! ती जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर गेली, तेव्हा महागाई नव्हतीच. उलट भाव कोसळत होते, ६० लाखांच्या आसपास लोक बेकार होते आणि मे १९३२ पर्यंत चॅन्सलर (सरकारप्रमुख) असलेल्या ब्र्यूनिंगनी पगार, पेन्शन, बेकारभत्ता सगळ्यालाच कात्री लावली होती.

शिवाय मार्क बुडायला फक्त व्हर्सायच्या तहाने लादलेली युद्धखंडणी कारण नव्हती. कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) सरकारने पहिलं महायुद्धच मुळात कर्ज काढून लढवलं होतं, जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू या हिशेबाने. मार्क मातीमोल झाल्यावर ज्यांनी देशभक्तीपोटी युद्धरोखे घेतले (म्हणजे सरकारला कर्ज दिलं) ते मध्यमवर्गीय साफ बुडाले, आणि कर्जं काढून कारखाने घेणारे ह्यूगो श्टिनेससारखे उद्योगपती गब्बर झाले. (यावर लेखात एक ओळही नाही, आश्चर्य आहे.)

युद्ध हरलेले सेनापती मात्र नामानिराळे. १९१८ च्या शस्त्रसंधीवर सही करायला पुढे केलं एर्झबर्गर या नागरी नेत्याला, आणि १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी त्याचाच खून केला.