बंद डब्यातला घमघमाट

रोजचंच झालंय हे. एसी लोकलमध्ये अंधेरीला कुणीतरी चढतं, दार बंद होतं आणि अख्ख्या डब्यात परफ्यूमचा भपकारा. साध्या लोकलला निदान दार उघडं असतं, वारा तरी लागतो. इथे तो वास पार चर्चगेटपर्यंत घुमत राहतो. काल शेजारच्या मावशींनी पदर नाकाला लावला, तरी त्यांचा खोकला थांबेना. माझं कपाळ दादरपासून ठणकत होतं.

अहो, आपल्या नाकाला आपलाच वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. म्हणून 'उडून गेला' समजून परत फवारायचं नसतं! त्यात साठीनंतर बऱ्याच जणांची वास घ्यायची ताकदच कमी होत जाते. म्हणजे हात आणखी आखडता हवा ना?

पन्नाशीत आले तशी मी ती गोडगोड व्हॅनिलाची बाटली बंदच केली. आता आंघोळीनंतर मनगटाला वाळ्याच्या अत्तराचं एक बोट, बस. आजी कानात हिन्याचा फाया ठेवायची. कुशीत शिरलं तरच तो वास यायचा. आणि इथे? माणूस उतरून गेला तरी घमघमाट तसाच. घरी येऊन ओढणी धुवावी लागते मला, दुसऱ्याच्या वासापायी!