अर्थिंग पाहिलंत का?

तीनशे रुपये. पावतीवर शब्द आहेत 'चेकिंग चार्जेस'. घरच्या कॉम्प्युटरचं काय बिघडलंय हे मी दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी ते कानाआड केलं, थोड्या वेळानं तेच मला सांगितलं आणि सांगण्याचे पैसे लावले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण 'आम्ही शोधून काढलं' हा जो भाव होता ना त्या पोराच्या चेहऱ्यावर, तो अजून जिरलेला नाही.

बिघाड म्हणाल तर अगदी साधा. बटण दाबलं की पंखा एक गिरकी घ्यायचा आणि गप्प. परत दाबा, परत गिरकी, परत गप्प. बायको घरून काही दुकानदारांचे हिशेब लिहिते. जीएसटीचं रिटर्न वीस तारखेच्या आत भरायचं असतं आणि ही गिरकी अठराच्या रात्रीची. ऑनलाइन मागवून वाट बघत बसायची सोय नव्हती. "कुणाला तरी बोलवून घे," ती म्हणाली. मी म्हटलं, आधी नेमकं काय गेलंय ते बघू. यावर ती काही बोलली नाही, फक्त हॉलमधली सतरंजी उचलून आत नेली. मी स्क्रू कुठे ठेवतो हे तिला माहीत आहे.

आपल्याकडे आधी दुरुस्ती होते आणि मग सापडला तर बिघाड सापडतो. मला ते पटत नाही. म्हणून आधी भिंतीतल्या सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. मॉनिटरची वायर काढून कॅबिनेटला लावली, तीच गिरकी. हार्ड डिस्क सोडवली, ग्राफिक्स कार्ड उपसलं, रॅमची एकच पट्टी ठेवली, तीही खोडरबरानं घासून. गिरकी कायम. मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, बाहेर काढला. त्याच्या चोवीस पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती कुठल्याही काळ्या वायरला तारेच्या तुकड्यानं जोडली की एसएमपीएस मदरबोर्डाशिवायही सुरू होतो. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. माझ्या मीटरवर आले १०.३, तेही नुसता एक पंखा लावून. भार नसताना आकडा बरोबर आला तर त्यावर विसंबू नये, कारण भार पडल्यावर तो मान टाकू शकतो. पण भार नसतानाच चुकीचा आला, तर पुढे बोलायला जागा उरत नाही. तरी खालच्या मजल्यावरच्या पोराचा एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणला आणि लावला. मशीन सुरू. संपला विषय.

पूर्वी हे सगळं मशीन स्वतःच सांगायचं, हे आठवून वाईट वाटतं. १९८१च्या आयबीएम पीसीपासूनची पद्धत होती, सगळं ठीक असेल तर सुरू होताना एक छोटी बीप. रॅम बसली नसेल, डिस्प्ले कार्ड हललं असेल, तर वेगळ्या बीपा. कंपनीगणिक बीपांची भाषा बदलायची, पण निदान कुणीतरी बोलायचं. आता बऱ्याच मदरबोर्डांसोबत तो बोटभर स्पीकरही येत नाही. कॅबिनेटला सात रंगांचे दिवे मात्र असतात. बिघडलेलं मशीन रंगीत उजेडात मौन पाळतं. असो.

तर मला एक एसएमपीएस विकत घ्यायचा होता. फक्त विकत. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडच्या आसपास अशी दुकानं आहेत, त्यातल्या एकात फोन केला. पलीकडून आवाज आला, "सीपीयू घेऊन या, चेक करावं लागेल."

"मी चेक केलंय. फक्त एसएमपीएस द्या."

"तसं नाही देत सर. उद्या तुम्ही म्हणाल चालत नाही."

म्हणून तो अख्खा डबा स्कूटरच्या पायाशी ठेवून, गुडघे बाहेर काढून मी निघालो. २०२७च्या सिंहस्थासाठी शहर सजतंय, त्यामुळे ते सध्या खणलेलं आहे. प्रत्येक खड्ड्याला हार्ड डिस्कची माफी मागत पोचलो.

काउंटरवरच्या पोरानं मोबाइलमधून मान वर केली, कॅबिनेटकडे बाहेरूनच पाहिलं आणि निकाल दिला, "मदरबोर्ड वाटतोय." मी मीटरचे आकडे सांगायला लागलो, तोच कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावरून प्रश्न आला.

"अर्थिंग पाहिलंत का?"

स्टुलावर एक काका होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. ते दुकानाचे कुणी नव्हते. गिऱ्हाईकही वाटले नाहीत, कारण मी असेपर्यंत त्यांनी काही घेतलं नाही आणि त्यांना कुणी काही विचारलंही नाही. तिथे पंखा चांगला लागत होता, एवढंच कारण असावं.

"अर्थिंग ठीक आहे काका. एसएमपीएस गेलाय."

"कशावरून?"

मी उत्साहानं सांगितलं. ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं होतं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "म्हणजे अर्थिंग नाही पाहिलंत."

"पाहिलं हो."

"खड्ड्यात पाणी घातलं होतं का उन्हाळ्यात?"

"कुठल्या खड्ड्यात?"

"अर्थिंगच्या! मीठ-कोळसा टाकून खड्डा करतात, उन्हाळ्यात तो सुकतो. सुकला की करंट जायचा कुठे? तुमच्या सीपीयूत!"

"मी चौथ्या मजल्यावर राहतो, काका."

"मग तर लांबूनच यावं लागतं त्याला," काका गंभीरपणे म्हणाले.

मग कळलं की काका प्रेसमधून रिटायर झालेले. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की नाशिकरोडची, जिथे १९२८पासून नोटा छापतात. "आमच्याकडे मशीन थांबलं की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे आधी अर्थिंग बघायचे," काका म्हणाले. हे खरं असेल तर देशाचं चलन कसं काय वेळेवर निघत होतं, हे मला कळेना. पोरानं तोवर माझा एसएमपीएस काढून काउंटरवर ठेवला होता. काकांनी तो उचलला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. एक डोळा बारीक करून जाळीतून आत पाहिलं. सवयीनं वॉटरमार्क शोधत असावेत.

"पाल आहे आत."

पोरगा पहिल्यांदा मोबाइल सोडून उठला. दोघांनी मिळून पाहिलं. पाल नव्हती, धुळीचा पुंजका होता. पण काकांनी माघार घेतली नाही. "होती. गेली असेल. आमच्या शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये पाल गेली, तर त्यांच्या मुलाचं लग्न लांबलं." लग्नाचा आणि पालीचा संबंध मी विचारला, ही माझ्या कुतूहलाची हद्द. इन्व्हर्टर बंद पडला, दिवे गेले, मुलीकडचे अंधारात जिने चढून आले, मुलीची आत्या घसरली. "मुळात अर्थिंग असतं तर पाल आलीच नसती," काकांनी शेवट केला.

पोरगा म्हणाला, "सर, एकदा फॉरमॅट मारून बघू का?"

इथे मात्र माझा आवाज चढला. जे मशीन सुरूच होत नाही, ते फॉरमॅट कसं मारणार? घराचं दार उघडत नाही म्हणून आतल्या भिंतींना रंग द्यायला निघण्यातला हा प्रकार. त्या डिस्कवर बायकोचं महिन्याचं टॅली आहे. किती लोकांचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट या एका वाक्यानं पुसले गेले असतील? बिघाड शोधायला वेळ लागतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून सरळ पुसा किंवा बदला. आणि इथे मी शोधून आलो, तर शोधण्याचेच पैसे लावले!

शेवटी पोरानं फळीवरचा एक एसएमपीएस काढून लावला. मशीन चटकन सुरू झालं. त्यानं माझ्याकडे वळून, जरा थांबून सांगितलं, "सर, एसएमपीएस गेलाय."

"हेच मी आल्या आल्या सांगितलं."

"हो, पण आम्हाला चेक करावं लागतं ना."

"म्हटलं होतं ना मी," काका स्टुलावरून म्हणाले, "करंटचाच प्रॉब्लेम."

नवा घेतानाही वाद झालाच. त्यानं आधी जो पुढे केला, त्यावर ५०० वॅट छापलं होतं आणि वजन एका हातात कळत नव्हतं. त्या डब्यात पाचशेचं काही असेल तर तो छापलेला आकडा. मी '८० प्लस' हे प्रमाणपत्र असलेला मागितला. त्याला निदान वीस, पन्नास आणि शंभर टक्के भारावर ऐंशी टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पोरगा म्हणाला, "घरी वापरायला कशाला एवढा?" घरी म्हणजे काय, घरी वीज वेगळी येते?

पैसे दिले. तीनशे धरून. जुना एसएमपीएस उचलणार, तोच काकांनी त्यावर हात ठेवला.

"टाकणार असाल तर मला द्या. पंखा चांगला आहे. बाथरूमला लावतो."

"काका, तो बारा व्होल्टचा आहे, थेट लावलात तर जळेल. आणि हा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात, वायर काढल्यावरही काही वेळ राहतात. झटका बसेल."

काकांनी एसएमपीएस मेथीशेजारी पिशवीत ठेवला.

"आमच्याकडे अर्थिंग आहे," ते म्हणाले.