बेदाण्यांवरचा आळ

तासगावात एकही नातेवाईक नाही असे घर सांगलीत शोधूनच काढावे लागेल. आमचे तर तिथे पत्नीचे अख्खे माहेर आहे, त्यामुळे द्राक्षांचा हंगाम सरून शेडवरचा बेदाणा उतरला की आमच्याकडे एक भलेमोठे खोके येते, आणि ते नको म्हणण्याचा अधिकार जावयाला नसतो. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्या खोक्याविषयी घरात आवाज चढवून बोलणेही अशिष्ट समजले जाते. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर स्वयंपाकघरात पाखरे उडू लागली आणि माझ्या आईने माळ्यावरच्या खोक्याकडे बोट करून "ह्यातनंच आल्यात," असा निकाल दिला, तेव्हा प्रश्न किडीचा न राहता दोन घराण्यांचा झाला.

पाखरू दिसायला अगदी गरीब. बोटाच्या नखाएवढे, पंख अंगाशी फिकट राखाडी आणि टोकाकडे तांबूस. दिवे लागले की ते कसलीच घाई नसल्याप्रमाणे वेडेवाकडे उडत राहते, आणि त्याच्या मागे टाळ्या वाजवत फिरणारा गृहस्थ मात्र आरतीची वेळ चुकलेल्या भक्तासारखा दिसतो. ह्या टाळ्या बहुतांशी वाया जातात, कारण उडणारे पाखरू धान्याला तोंडही लावत नाही. त्याचे आयुष्य आठवड्या-दोन आठवड्यांचे, आणि त्यात जोडीदार शोधणे व अंडी घालणे एवढीच कामे. एक मादी दोनशे ते चारशे अंडी घालते, आणि खाण्याचे खाते संपूर्णपणे अळीकडे असते. चाळणीत ओतलेला रवा खाली न पडता लोंबकळत राहिला, तर अळीने आत रेशमी धागे ओढून संसार थाटला आहे असे खुशाल समजावे. पोट भरले की ही अळी डब्यात थांबतही नाही. ती भिंत चढते आणि छताच्या कोपऱ्यात, कॅलेंडरच्या मागे किंवा बरणीच्या झाकणाच्या आट्यांमध्ये कोश करून निवांत पडते, आणि आपण खाली डबे घासत बसतो.

बेदाण्यांच्या बाजूने पत्नीने जो युक्तिवाद केला तो मला अजूनही बिनतोड वाटतो. "अहो, व्यापारी हाच माल शीतगृहात ठेवतात, तिथे त्याला काही होत नाही. तुमच्या माळ्यावर, गॅसच्या वाफेत चढवल्यावर जे झालं असेल ते तुमच्या घरचं," असे ती म्हणाली. आईने त्यावर काहीही न बोलता थालीपिठाच्या भाजणीचा डबा स्वतःच्या खोलीत हलवला.

दरम्यान उपाय चालू होते. शेजारच्या काकूंनी प्रत्येक डब्यात तमालपत्र ठेवायला सांगितले. आम्ही ठेवले, आणि एका अळीने त्याच पानाच्या गुंडाळीत स्वतःचा कोश विणला. मुलीने पुण्याहून चिकट कागदाचा सापळा पाठवला. त्यावर मादीच्या गंधाची नक्कल लावलेली असते, त्यामुळे त्याला चिकटतात ते केवळ नर. हे मी आईला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ह्येच्यात बाप्येच घावत्यात व्हय? मग त्यात कागदाचं काय कवतिक?" खरा गुण आला तो फ्रीझरने. उणे १८ अंशांत आठवडाभर ठेवले की अंड्यांसकट सगळी वंशावळ संपते. मात्र रवा, बेसन, शेंगदाणे आणि वादग्रस्त बेदाणे ह्यांनी फ्रीझर असा व्यापला की बर्फाला घराबाहेर जावे लागले. जे फार बिघडले होते ते मी टाकायला काढले, तर आई दारातच उभी राहिली. "टाकतोस काय रं? चाळून घे. त्येच खाऊन आमी म्हातारं झालो."

स्वयंपाकघर स्वच्छ झाले, तरीही पाखरे उडतच राहिली, आणि तीही झोपायच्या खोलीत. तेव्हा पत्नीने साड्यांचे लोखंडी कपाट उघडले. इरकली साड्यांच्या मागे ओटीच्या पिशव्या होत्या. लग्ने, मुंजी, डोहाळजेवणे ह्यांतून आलेल्या ओटीचे तांदूळ लगेच शिजवले गेले नाहीत की मग ते खायचे राहून जातात, आणि टाकण्याचे धाडस तर कोणत्याच सुनेला होत नाही. खारका आणि बदाम आतून पोखरलेले, खोबऱ्याच्या वाटीत अळ्यांची वळवळ, आणि दाण्याला दाणा जोडून तांदळाच्या माळा लोंबत असलेल्या. फक्त हळकुंडे जशीच्या तशी होती. ह्यातली एक पिशवी तासगावची होती आणि दुसरी आईच्या मिरजेच्या भाचीकडची, परंतु आधी कीड कुणाला लागली हे ठरवणे अशक्य होते, कारण जाळीने दोन्ही पिशव्या एकमेकींना शिवून टाकल्या होत्या. भाजणीचा डबा त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात परत आला.

आता ओटी कचऱ्याच्या गाडीत जाणार नाही, ह्यावर प्रथमच दोन्ही बाजूंचे एकमत झाले. आयर्विन पुलावरून ती कृष्णार्पण करावी असे आईचे म्हणणे होते. पत्नीने नदीचा कैवार घेतला आणि हरिपूरचा आमचा दूधवाला कोंबड्या पाळतो ह्याची आठवण करून दिली. तेव्हा मी पिशवी घेऊन हरिपूरला गेलो. ह्याच गावात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय टिकत असे, कारण तोंड लिंपलेल्या पेवात प्राणवायूच उरत नाही आणि किडीला जगता येत नाही. २००५ च्या महापुराने बरीच पेवे निकामी केली. आमच्या कपाटाला मात्र अशी शिस्त कधीच नव्हती. कोंबड्यांनी आधी अळ्या वेचल्या, मग खोबरे, आणि तांदळाकडे सवडीने वळल्या. दूधवाला हे सगळे लक्षपूर्वक पाहत होता. तो म्हणाला, "सायेब, म्हैन्याच्या म्हैन्याला एवढ्या आळ्या आणून दिलासा तर अंड्याला भाव जरा कमी लावीन."