बटाट्याने कुठला गड घेतला?

"ओ तबलेवाले काका, आमच्या ओमला भोपळा नको. ब्रोकोली करा."

सोसायटीच्या गणपतीत पोरं भाज्या होऊन गाणार होती, प्रत्येक भाजी वेगळ्या बाजात. चाल माझी, पेटीही माझी आणि पुढ्यात होती ती ढोलकी. तरी तबलेवाले. असो.

भोपळाच का? भो-प-ळा ही तीन अक्षरं दादरा तालाच्या तीन-तीन मात्रांत आपसूक बसतात आणि कोळीगीताचा झोका मिळतो. काकडी, टोमॅटो त्याच होडीत. को-थिं-बी-र चार अक्षरी, म्हणून चार-चार मात्रांच्या केरव्यात. फ्लॉवर कुठेच बसत नाही. निम्मी पोरं 'फुलावर' म्हणतात आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते. हे सगळं ओमच्या आईंना समजावलं.

"पण ओम भोपळा खातच नाही."

"कारलं झालेला तरी कुठे कारलं खातो?"

"त्याला बरा अभंग दिलात!"

"कारल्याला टाळांचा आधार लागतो, ताई. शिवाय सावता माळ्यांनी भाजीच्या मळ्यातच विठाई पाहिली..."

"आणि बटाट्याला पोवाडा? कुठला गड घेतला त्याने?"

मी गप्प. मुंबई घेतली की, वड्यात शिरून! पण हे सुचलं रात्री, अंथरुणावर.

"मिरचीला लावणी दिलीत ते तर मी बोलतच नाही," असं म्हणून त्या त्यावर दहा मिनिटं बोलल्या. मग थांबून म्हणाल्या, "ब्रो-को-ली. मोजा."

मोजलं. तीन. दादऱ्यात चपखल. त्या क्षणी मला ती भाजी जन्माची नकोशी झाली.

पुढचं नेहमीचंच. सहा वर्षांच्या पोरांसाठी सा पेटीच्या काळी एक पट्टीचा, म्हणजे खालचा, धरून चाल सा ते ध एवढ्यातच फिरवली होती. ऐन वेळी कार्यकारिणीने मोबाइलवरून तयार ट्रॅक आणला, त्याहून उंच पांढरी चार पट्टीचा, वरच्या सा पर्यंत चढणारा. तो सा या वयाला गाता येत नाही, किंचाळावा लागतो. पोरं किंचाळली. पालकांना वाटलं, काय जोश! भादव्याच्या दमट हवेने ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उतरलेली, पान्याने नट आवळून ती चढवत होतो, तर माइकवरून सूचना आली, "खडखड बंद करा."

विचारलं तर उत्तर एकच: "लहान मुलांचंच तर आहे!" अहो, म्हणूनच तर! मोठा माणूस पट्टी नाही जमली तर खाली उतरतो, नाहीतर निदान खोकला काढतो. पोरगं बिचारं घसा फाडतं. पण डीजेला पाकीट मिळालं आणि मला नारळ. दोन्ही अर्थांनी.

नारळ पिशवीत टाकत होतो, तोच ओमच्या आई प्रसादाची वाटी घेऊन आल्या.

"पुढच्या वर्षी ॲव्होकाडो चालेल ना?"

ॲ-व्हो-का-डो. चार. बसतोय मेला केरव्यात.